कागदी संघातला भाचा

नॉर्डबी, मिनेसोटा
११ जुलै १९८८

प्रिय डेल्मर,

खऱ्या खेळाडूंना मधली सुट्टी लागली की आपल्या लीगच्या चिटणीसाला काम लागतं. सोबत अर्ध्या हंगामाचं परिपत्रक पाठवतोय. बाकीच्यांना ते काल प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर हातोहात मिळालं. तुझ्यासाठी मात्र आयडाहोपर्यंत तिकीट चिकटवावं लागतं. तिकडच्या कोरड्या हवेत आयरीनचा श्वास मोकळा झाला म्हणतोस, तेव्हा तिकिटाची तक्रार नाही. ती माझी चुलतबहीण आहे. तू नुसता तिचा नवरा.

परिपत्रक असं:

"यंदा पास्टर हॉल्वर्सन आपल्या लीगमध्ये नवे. त्यांनी विचारलं, 'या खेळात खेळतं कोण?' उत्तर असं की आपल्यापैकी कोणीच नाही. वसंतात आपण बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंची नावं आपसात वाटून घेतो. पुढे ते मैदानावर जे काही करतील ते वर्तमानपत्रातून उतरवून आपापल्या कागदी संघाच्या नावावर मांडतो. घाम त्यांचा, अभिमान आपला. पैजेचा पैसा नाही. जो शेवटचा येतो तो वर्षभर चर्चच्या कॉफीची मोठी भांडी घासतो.

"आता निरीक्षणं.

"हॅनॅफिन (डेल्मरचा): मे संपेपर्यंत याची बॅट कुंपणाचा खांब होती. ऊन चढलं आणि चेंडू कुंपणाबाहेर पडू लागले. डेल्मरने याला एप्रिलात काढून टाकलं नाही, त्यात हुशारी किती आणि आळस किती ते देव जाणे.

"केसाडा (एल्मर पोस्टमनचा): धावतो हरणासारखा. पण धावायला आधी पहिल्या बेसवर पोचावं लागतं, हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

"प्रॅथर (पास्टरांचा): एप्रिलात देवदूत, मेमध्ये माणूस, जूनमध्ये पापी. पास्टरांनी धीर सोडू नये. त्यांच्या कामात अशी माणसं रोजची.

"लायल ऑस्टबी (चिटणीसाचा): मामाने भाच्याबद्दल हात राखून लिहावं हे खरं. पण आपल्या सगळ्या याद्यांत मिळून ज्याला आपण लहानाचा मोठा होताना पाहिलं असा हा एकच पिचर. गेल्या वर्षी तो नुसत्या वेगावर फलंदाजांना जागच्या जागी खिळवायचा. यंदा जूनपासून वेगाचे चेंडू कमी, हळू आणि वळणारे जास्त. बॅट न लागता बाद होणारे कमी झाले, उंच झेल देऊन बाद होणारे वाढले, आणि तरी तो जिंकतोय. चोविसाव्या वर्षी हे शहाणपण. यालाच पिकणं म्हणतात."

परिपत्रक संपलं. आता आपलं घरचं. डेल्मर, मी पहिला आहे. लीग सुरू झाल्यापासून मी भांडी घासण्याच्या आसपासच असायचो हे तुला ठाऊक आहे. यंदा लायलच्या जोरावर पहिला. आमची व्हर्नाही पोराच्या यशाने खुशीत आहे. लायल पूर्वी आईला दर आठवड्याला पत्र लिहायचा, आता दर रविवारी फोन करतो. पोराच्या हातात पैसा खुळखुळतोय.

तुझा,
ऑरिन

—

पेएट, आयडाहो
१६ जुलै

प्रिय ऑरिन,

परिपत्रक पोचलं. आयरीनने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं आणि प्रॅथरच्या पापांशी पोचल्यावर तिला हसून हसून खोकला आला. पण साधा खोकला, घाबरायचं नाही.

हॅनॅफिनबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. आळसच. सफरचंदाच्या शेडमध्ये दिवसभर पेट्या उचलल्यावर माणसाला कोणाला काढून टाकायचंही बळ उरत नाही.

आता कामाचं. मला लायल हवा. बदल्यात हॅनॅफिन घे. माझी सही केलेला अदलाबदलीचा कागद सोबत आहे. तू सही करून पास्टरांच्या हाती दिलास की झालं. जुलैअखेरची मुदत चुकायला नको. हॅनॅफिन सध्या कसा खेळतोय ते तूच लिहिलं आहेस. असा सौदा आपल्या लीगमध्ये कोणी कोणाला दिलेला मला आठवत नाही.

आयरीन विचारते, व्हर्नाच्या बागेतला पाईसाठीचा रुबार्ब यंदा कसा आहे.

तुझा,
डेल्मर

—

नॉर्डबी
२० जुलै

डेल्मर,

तुझा कागद मी टेबलाच्या खणात ठेवला आहे, आणि तो तिथेच राहील.

मला आधी हसू आलं. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि बरं वाटलं नाही. हॅनॅफिन देऊन लायल मागतो तो माणूस वेडा नसतो. तू दरवर्षी मधल्या फळीत असतोस. यंदा मी वर दिसलो आणि तुझ्या पोटात दुखलं असं लिहायला मला आवडत नाही, पण दुसरं काय समजू? एल्मरला मी कागद दाखवला. तो म्हणाला, "डेल्मरला काहीतरी ठाऊक आहे जे तुला नाही. पोस्टमन म्हणून सांगतो, इतकं जाड पाकीट उगाच येत नसतं."

लायल माझ्याच यादीत राहील. त्याला बापानंतर मी वाढवला. डेअरीच्या मागच्या मोकळ्या जागेत तो पहिल्यांदा चेंडू टाकायला शिकला तेव्हा झेलायला तू होतास, ते मी विसरलेलो नाही. पण त्याचा डबा मी नेऊन देत होतो. हॅनॅफिनने रोज कुंपणाबाहेर मारले तरी तो माझा कोण?

रविवारी त्याचा सामना मी व्हर्नाकडे टीव्हीवर पाहिला. चेहरा थोडा ओढलेला वाटला. घरची आठवण येत असणार. एवढ्या मोठ्या शहरात पोराला कोण विचारतं?

रुबार्ब उत्तम आहे.

ऑरिन

—

पेएट
२४ जुलै

प्रिय ऑरिन,

तुला राग आला हे बरंच झालं. मला जे लिहायचं होतं ते मी लिहिलं नाही आणि सौद्यामागे लपलो. आता लिहितो. आधी बसून घे.

लायलचा हात दुखतोय. माझ्याजवळ पुरावा नाही. डॉक्टर तर मी नाहीच, पेट्या उचलणारा आणि रेडिओ ऐकणारा माणूस आहे. पण मी गावच्या संघात पिचरचे चेंडू झेलणारा कॅचर होतो, आणि कॅचरला एक गोष्ट आयुष्यभर पुरते. पिचरचा चेंडू हवेत असताना धावणारा पुढचा बेस चोरून पळाला की लोक कॅचरला शिव्या देतात, पण चोरी पिचरच्या हातून होते. चेंडू हळू आला की धावणाऱ्याला दोन पावलं फुकट मिळतात. वर्तमानपत्रातले त्याच्या सामन्यांचे आकडे पुन्हा पाहा. जूनपासून त्याच्यावर बेस चोरले जातायत. गेल्या वर्षी कोणाची छाती नव्हती. आणि पहिल्या डावात तो नेम चुकून फलंदाजांना पहिला बेस फुकट देतोय, मग तिसऱ्या डावापर्यंत ठीक होतो. म्हणजे हात तापेपर्यंत तो त्याचं ऐकत नाही.

तू याला पिकणं म्हणालास. हळू चेंडू टाकायला शिकणं वेगळं आणि वेगाचा टाकता न येणं वेगळं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी लांबचं स्टेशन पकडायला मी गाडी टेकडीवर नेऊन रेडिओ लावला होता. वर्णन करणारा थट्टेत म्हणाला की ऑस्टबी आज घाम डाव्या हातातल्या ग्लव्हने पुसतोय, आईने रुमाल दिला नाही वाटतं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. उजवा हात मोकळा असताना ग्लव्हने कपाळ कोण पुसतं? ज्याचा उजवा वर जात नाही तो.

आणि ऑरिन, तो पत्रं लिहीत नाही म्हणालास. पैसा आला म्हणून पेन सुटत नाही.

मी चूक असेन. देव करो आणि मी चूक असो.

मग तो माझ्या यादीत का मागितला ते सांगतो. तो तुझ्या यादीत असेपर्यंत तुला हे दिसणार नाही. दर पाचव्या दिवशी तो मैदानात उतरावा अशी तुझी इच्छा असते, तो जिंकावा अशी असते, आणि जिंकला की हात बरा आहे असं तू स्वतःला सांगतोस. मी तुला दोष देत नाही. माझा भाचा माझ्या यादीत असता तर मीही हेच केलं असतं. पण माझं त्याच्यावर प्रेम असलं तरी तो माझ्या बहिणीचा मुलगा नाही. माझ्या यादीत राहून तो आजारी पडला तर मी शेवटचा येईन आणि भांडी घासायला विमानाने येईन, एवढंच.

लायल हे लपवतोय, कारण त्याच्या जागेवर डोळा ठेवून खालच्या संघांत दहा पोरं बसलीत. तो स्वतःहून बोलणार नाही. असाच महिनाभर टाकत राहिला तर पुढल्या वर्षी टाकायला हात उरणार नाही.

डेल्मर

—

नॉर्डबी
३१ जुलै

प्रिय डेल्मर,

आज पास्टरांनी तळघरात तुझामाझा कागद वाचून दाखवला. लायल तुझा, हॅनॅफिन माझा. मुदत पाळली गेली.

तुझं पत्र आल्यावर रात्रभर मी तुला उत्तर लिहीत होतो आणि फाडत होतो. त्यात काय होतं ते सांगत नाही. एकात मी तुला उंटावरून शेळ्या हाकणारा म्हटलं होतं. ते त्यातल्या त्यात सौम्य होतं.

मग गुरुवारी लायलची पाळी होती. तो टाकायच्या आधी मी रोजच्यासारखी प्रार्थना केली. त्याला बळ दे म्हणालो. आमेन म्हणायच्या आत मनात आलं की एल्मर थोडाच मागे आहे, आज जिंकायला हवं. मी थांबलो. ते बळ मी कोणासाठी मागितलं होतं? दुसऱ्यांदा केली. म्हणालो, त्याचा हात दुखत असेल तर आज त्याला बसव. आणि डेल्मर, तेवढं म्हणताना माझी जीभ अडखळली. मला तो बसायला नको होता. देवासमोर बसून मला हे कळलं.

इतकी वर्षं मी त्या पोरासाठी प्रार्थना करत आलो. त्याच्या बापाला आम्ही पुरलं त्या दिवसापासून. ती कधी वाकडी झाली ते माझ्या लक्षात आलं नाही. कागदावर त्याचं नाव लिहून घेतलं त्या दिवशीच झाली असेल.

मी खणातून कागद काढला आणि सही केली. त्यानंतर केलेली प्रार्थना सरळ गेली असं वाटतं.

तो गुरुवारी जिंकला. चार बेस चोरीला गेले. ते मी मोजले.

तळघरात काय झालं असेल याची कल्पना तुला आहेच. एल्मर म्हणाला, "सख्खा भाचा विकला. आता घरातल्या खुर्च्या कधी काढतोस ते सांग, मला एक हवी." लीगमधलाच वॉल्टर म्हणाला, हॅनॅफिनच्या बदल्यात तो स्वतःची बायकोही देईल, तिला विचारून. मी कॉफी प्यालो. खरं कारण सांगणं म्हणजे लायलचं गुपित आठ तोंडांत देणं, म्हणून गप्प बसलो. पास्टरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

व्हर्ना मात्र हसली नाही. तिला वाटतं, मी तिच्या मुलाची गावासमोर शोभा केली. आज रात्रीच्या फोनवर ती त्याला सांगणार आहे. मी तिला थांबवू शकलो नाही, कारण थांबवायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

ऑरिन

—

पेएट
५ ऑगस्ट

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र मी आयरीनलाही वाचायला दिलं नाही. नुसतं सांगितलं की सौदा झाला.

आज मी लायलला राखीव यादीत टाकलं. पेन्सिलीने नाव खाली घेतलं, वर दुसरा पिचर लिहिला. आयरीन खांद्यावरून बघत होती. "तू बसवलंस म्हणून तो बसणार आहे का?" म्हणाली. नाही बसणार. चार दिवसांनी तो पुन्हा मैदानात उतरेल आणि दुखऱ्या हाताने टाकेल. कागदावर मला जेवढं करता येत होतं तेवढं झालं.

म्हणून तू जा. वेळापत्रक मी पाहिलंय. पुढच्या आठवड्यात त्याचा संघ मिनियापोलिसला येतोय. नॉर्डबीहून दोन तासांचा रस्ता. फोनवर नको, फोनवर तो आईशी दर रविवारी खोटं बोलतोच आहे, त्याला सवय झालीय. समोर बसलास की त्याला अवघड जाईल.

त्याच्या संघाला तू कळवू नकोस असं मला वाटतं. तो त्याचा हात आहे आणि त्याची जागा आहे. बोलायचं ते त्यानेच. पण त्याला एकट्याने बोलायला लागू नये.

त्याला तुझा राग आला असणार. येऊ दे. राग आला तर निदान काहीतरी बोलेल.

डेल्मर

—

नॉर्डबी
१४ ऑगस्ट

प्रिय डेल्मर,

हे पत्र पोचायच्या आत वर्तमानपत्रात तू वाचलं असशील. लायलला दुखापतग्रस्तांच्या यादीत टाकलंय. कोपराची शस्त्रक्रिया होईल, यंदाचा हंगाम संपला. पुढल्या वर्षी टाकेल का, हे डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. वेळेत आलात, एवढं म्हणाले. बाकी वर्तमानपत्रात नाही ते लिहितो.

मी बुधवारी दुपारी हॉटेलवर पोचलो. सामना आदल्या दिवशी झाला होता; तो दोनच डाव टिकला. दार उघडून त्याने मला आत घेतलं, पण नेहमीसारखी मिठी मारली नाही. व्हर्नाने दिलेली रुबार्बची गोड पाई मी टेबलावर ठेवली. तो खिडकीशी उभा राहिला.

"मामा, गावात काय दर मिळाला माझा?" म्हणाला.

मी म्हणालो, हॅनॅफिन.

"मग बरा मिळाला." पुढे म्हणाला, "मला वाटलं होतं, सगळे सोडतील पण तुझ्या यादीतून मी जाणार नाही. आमच्याकडचे वर्तमानपत्रवाले रोज लिहितात की ऑस्टबीचा वेग संपला. मी म्हणायचो, लिहू दे, नॉर्डबीत एका माणसाच्या कागदावर मी अजून पहिला आहे. हसू नकोस, मी खरंच असं म्हणायचो."

डेल्मर, येताना गाडीत मी सगळं भाषण तयार केलं होतं. बेस चोरले जातात, पहिला डाव, ग्लव्हने घाम पुसणं, सगळं क्रमाने. त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेना. त्याला आकडे मी काय सांगणार? रोज रात्री तो हात कसा ठेवून झोपतो ते त्याला माहीत.

मग मी जे खरं होतं तेच सांगितलं. "तुझ्यासाठी प्रार्थना करता येईना म्हणून दिला. तू चेंडू टाकावास असं मला हवं होतं. तुझा हात दुखत असला तरी हवं होतं. असा माणूस तुझा मामा नको, म्हणून तुला डेल्मरला दिला."

तो खिडकीपासून येऊन समोर बसला. हात दुखतो का, असं मी विचारलं नाही. तू लिहिलं होतंस तेच माझ्या डोक्यात होतं, बोलायचं ते त्यानेच. आम्ही बसून राहिलो. त्याने पाईचा तुकडा डाव्या हाताने तोडून खाल्ला. व्हर्नाचा साखरेचा हात आखडला की काय, म्हणाला. मी म्हणालो, रुबार्ब यंदा आंबट आहे. खाली रस्त्यावर गाड्या थांबत होत्या, सुटत होत्या.

संध्याकाळ झाली तशी तो उठून आत गेला, तोंड धुऊन आला. संघाच्या जेवणाला कोट घालून जावं लागतं त्यांना. पँट चढवली, डाव्या हाताने शर्ट अंगावर ओढला, खालची बटणं कशीबशी लावली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एवढा उंच झालाय की मला मान वर करावी लागली.

"गळ्याचं लाव," म्हणाला. "हात तिथवर जात नाही."

मी उठलो. माझी बोटं डेअरीत काम करून जाड झालीत, बटण लहान होतं, वेळ लागला. तो हनुवटी वर करून छताकडे बघत होता, लहानपणी रविवारी चर्चला निघताना बघायचा तसा. त्याच्या गळ्याची शीर माझ्या बोटांखाली उडत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मेपासून." मग म्हणाला, "आईला सांगू नको. मी सांगेन."

बटण लागलं. कोट मी त्याच्या खांद्यावर टाकला. लिफ्टपाशी आलो. जेवणाचा हॉल खालच्या मजल्यावर होता आणि संघाचा जो माणूस खेळाडूंच्या दुखण्याखुपण्याचं बघतो त्याची खोली त्याच मजल्यावर, टोकाला. लिफ्ट आली. दार उघडलं आणि पुन्हा बंद झालं. तो आत शिरला नाही.

"तू चल माझ्याबरोबर," म्हणाला. "दारापर्यंतच."

आम्ही गेलो. दारासमोर तो जरा वेळ उभा राहिला. मग त्याने डाव्या हाताने दार वाजवलं.

तुझा,
ऑरिन